देवमनच्या नावावरचा प्रवास

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी देवमन धामणगावच्या कापूस जिनिंगमधून घरी आला तो मोबाइल पुढे धरूनच. अंगावर चिकटलेला कापूस झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"जमुने, पाह्य बरं हे. इन्कम टॅक्सवाल्याईचा मेसेज हाय. मायं कोनतं तरी उत्पन्न हाय म्हंते, जे मी दाखोलं नाई."

जमुना अंगणात शेवंतीच्या जुड्या बांधत बसली होती. तिनं हात पुसून मोबाइल घेतला. "कोनतं उत्पन्न?"

"थेच तर! मले ठाऊक असतं तं दाखोलं नसतं काय?"

देवमन जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला होता. पगार बेताचा, पण बँकेत जमा होणारा. मुलगी आचल अमरावतीला कॉलेजात शिकत होती आणि तिच्या कागदांना लागतं म्हणून तो दरवर्षी कोणाकडून तरी विवरणपत्र भरून घ्यायचा. त्यात पगार सोडून दुसरं काही नसायचं. आता सरकार म्हणत होतं, आहे.

दुसरी बाई असती तर घाबरली असती. जमुनेला आधी नवल वाटलं. कोणतीही गोष्ट समोर आली की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'काहून', म्हणजे का. लग्न होऊन सावरझिऱ्यात आली त्या वर्षी तिनं सासऱ्याला विचारलं होतं, की फुलकोबी सगळे एकाच हप्त्यात काहून लावता, मग बाजारात सगळ्यांची एकदमच पडते. सासरे उत्तर न देता उठून गेले होते. पण पुढच्या वर्षी त्यांनी अर्धी कोबी पंधरा दिवस उशिरा लावली.

तिनं आचलला फोन लावला. पोरीनं बापाच्या पॅन नंबरवर काय काय दिसतं ते उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आई, अवो हे पैसे आपल्या कंपनीनंच दिले बाबाले. संचालक म्हनून. त्यातून टॅक्सबी कापला हाय."

"आपल्या कंपनीनं?" देवमन खाटेवर बसला. "मले कंपनी कवा पैसे देते?"

जमुना त्याच्याकडे पाहतच राहिली. कारण ते पैसे कुठले, हे आता तिच्या लक्षात आलं होतं. दर महिन्याला ते देवमनच्या खात्यात येत आणि तीच ते काढून आणत असे.

सावरझिरा हे नांदगाव खंडेश्वरपासून आठ-नऊ किलोमीटरवरचं, भाजी आणि फुलं पिकवणारं गाव. सहा वर्षांपूर्वी गावातल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून एक उत्पादक कंपनी काढली. हेतू साधा. एकेकट्यानं दोन-दोन गठ्ठे घेऊन बाजारात उभं राहण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून टेम्पो भरायचा, भाव एकानंच बोलायचा. कंपनी काढून द्यायला जो माणूस आला होता त्यानं सांगितलं, ज्याच्या नावावर सातबारा तो सभासद. जमुनेच्या घरचा सातबारा देवमनच्या नावावर. म्हणून सभासद देवमन झाला, आणि पुढे संचालकही. खरं तर गावाला देवमन नको होता. त्याला शेतीचं फारसं कळत नसे आणि सकाळी सातच्या गाडीनं तो धामणगावला जायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. पण देवमनला घेतलं की जमुना आलीच, असा सगळ्यांचा हिशेब.

आणि ती आली. मंडळाची सभा अध्यक्ष किसनरावांच्या ओसरीवर भरायची. संचालक सतरंजीवर, जमुना दाराशी. ठराव व्हायचा तो सतरंजीवर, पण त्याआधी सगळ्यांच्या माना दाराकडे वळायच्या. झेंडू अकोल्याला पाठवायचा की नागपूरला, कोणत्या अडत्याचं वजन सरळ, टेम्पोवाल्याला भाडं किती द्यायचं, हे जमुना सांगायची. तिनं सांगितलेलं खरंही निघायचं, कारण ती नुसती सांगत नसे, जाऊन पाहून येत असे. कधी एस्टीनं, कधी बडनेऱ्याहून रेल्वेनं, कधी माल भरलेल्या टेम्पोतच ड्रायव्हरच्या शेजारी बसून.

या जाण्यायेण्यासाठी कंपनीनं महिन्याला ठरावीक रक्कम बांधून दिली होती. कागदावर नाव 'संचालक प्रवास खर्च'. बिलबिल कोणी मागितलं नाही आणि जमुनेनं ठेवलंही नाही. एखाद्या महिन्यात पैसे कमी पडत, ते ती घरचे घाली. एखाद्या महिन्यात उरत, ते घरात लागत.

"म्हंजे मी फिरली अन् उत्पन्न तुमचं झालं," ती देवमनला म्हणाली. "हे असं काहून व्हावं?"

"तू काहून काहून करत बस," देवमन म्हणाला. "मायी नवकरी जाईन अशानं."

नोकरीला काही होणार नव्हतं, पण रात्री त्याला झोप लागली नाही. जमुनेलाही नाही. तिला मात्र ते कोडं झोपू देत नव्हतं.

चार दिवसांनी किसनराव, देवमन आणि जमुना अमरावतीला गेले. कंपनीचे हिशेब त्या वर्षापासून राजापेठेतल्या वर्षाली नावाच्या एका सीए बाईकडे आले होते. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. तिशी नुकतीच ओलांडलेली, चष्मा लावणारी, बोलायला मोकळी. तिनं संचालकांना बोलावलं होतं, म्हणून जमुना बाहेरच्या बाकावर बसली. दार अर्धं उघडं होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"देवमनजी, हे पैसे तुम्हाला प्रवासासाठी मिळाले. कुठं कुठं गेला होतात?"

"अकोल्याले," देवमन म्हणाला.

"कोणाकडे?"

देवमननं किसनरावांकडे पाहिलं. किसनराव पंख्याकडे पाहू लागले.

"थे जमुनाले ठाऊक."

"बरं. नागपूरला?"

"थेबी जमुनालेच ठाऊक."

"मग किसनरावजी, तुम्ही सांगा. गेल्या दसऱ्याला माल तीन ठिकाणी पाठवला, तो का?"

"आता थे..." किसनराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जमुनाबाईनं सांगतलं म्हनून."

वर्षालीनं पेन खाली ठेवलं. "ही जमुना कोण?"

"बायको हाय मायी," देवमन म्हणाला. "भायेर बसली."

वर्षाली स्वतः उठून दारापर्यंत आली. तिला आता कागदांपेक्षा या बाईत जास्त रस वाटू लागला होता. "काकू, आत या ना. तुम्ही बाहेर का बसलात?"

"संचालकाईलेच बलावलं होतं ना," जमुना म्हणाली आणि आत येऊन बसली.

मग तासभर बोलणं झालं. वर्षालीनं तिला सरळ भाषेत सांगितलं. कंपनीच्या कामासाठी पदरचे पैसे घातले, त्याची पावती दिली आणि तेवढेच पैसे परत घेतले, तर ते उत्पन्न नव्हे. आपलेच पैसे आपल्याला मिळाले. पण महिन्याला बांधून पैसे घेतले आणि कुठं गेले ते विचारणारं कोणी नसेल, तर कर खातं म्हणतं की ही तर कमाई झाली. संचालकाला दिले म्हणून आधीच्या हिशेबनिसानं त्यातून कर कापला. कापला तो देवमनच्या नावावर. म्हणून देवमनला मेसेज.

"पन ह्याईनं एक पैसा पाह्यला नाई," जमुना म्हणाली. "खर्च मी केला. मंग उत्पन्न ह्याईचं काहून?"

"कारण नाव यांचं आहे."

"अन् मी कोन?"

वर्षालीनं कागद बाजूला सारले. मग तिनं किसनरावांना विचारलं, "मंडळ या सांगतात तसं वागतं का? म्हणजे नेहमी?"

"अवो मॅडम," किसनराव अभिमानानं म्हणाले, "जमुनाबाईले इचारल्याबिगर आमी बियान्याचं पाकीटबी घेत नाई!"

"किसनरावजी, हे फार मोठ्यानं सांगत जाऊ नका," वर्षाली हसून म्हणाली. मग ती जमुनेकडे वळली. "काकू, कायदा नुसतं कागदावरचं नाव पाहत नाही. ज्याच्या सांगण्यावरून मंडळ नेहमी वागतं, तो माणूस कागदावर नसला तरी गडबड झाल्यावर त्यालाही जबाबदार धरता येतं. आम्ही सल्ला देतो तो आमचा धंदा म्हणून, त्याची गोष्ट वेगळी. तुमचं तसं नाही."

जमुनेनं हे मनात दोनदा फिरवून पाहिलं. "म्हंजे काही बिघडलं तं मी संचालक. अन् सारं बराबर चाललं तं मी देवमनची बायको."

"जवळपास तसंच."

"हे तं लय गमतीचं हाय!" ती म्हणाली, आणि तिला खरंच गंमत वाटली होती. भीती वाटायला हवी होती असं देवमनच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "मंग मले सभासदच काहून नाई केलं?"

"सातबारा नाई ना तुमच्या नावानं," किसनराव म्हणाले. "कंपनी काढनाऱ्यानं सांगतलं होतं तसं."

"असं कायद्यात हाय काय?" जमुनेनं वर्षालीला विचारलं.

वर्षाली प्रामाणिकपणे म्हणाली, "मला नक्की सांगता येणार नाही. सगळे तसंच करतात, म्हणून मीही तसंच धरून चालले होते. तुमच्या कंपनीची नियमावली वाचून सांगते."

खाली उतरल्यावर तिघांनी गाड्यावर गिला वडा खाल्ला. देवमननं अर्धा वडा तसाच ठेवला. किसनराव मात्र दर घासाला म्हणत होते, "बाप्पा, मोठ्यानं सांगू नका म्हंते!"

डिसेंबर संपायच्या आत वर्षालीनं देवमनचं विवरणपत्र पुन्हा भरून दिलं. कंपनीचे पैसे त्यात दाखवले. पावत्याच नव्हत्या, तेव्हा खर्च झाला असं म्हणायला तोंड नव्हतं. पण सगळं धरूनही देवमनची कमाई कर लागण्याइतकी होत नव्हती. उलट कापलेला कर परत मिळणार होता. देवमनचा जीव भांड्यात पडला. त्याच्या मते विषय संपला होता.

जमुनेच्या मते तो आत्ता कुठं सुरू झाला होता. ती आता प्रत्येक तिकीट जपून ठेवू लागली आणि प्रत्येक तिकिटाकडे पाहून विचार करू लागली की हे कोणाचं. एकदा ती अकोल्याला अडत्याकडे वसुलीचं बोलून पुढे बार्शीटाकळीला पौर्णिमा या बहिणीकडे, तिच्या नातवाच्या बारशाला निघाली होती. बसस्टँडवरच वर्षालीचा फोन आला.

"काकू, नियमावली वाचली. कायदाही पाहिला. त्यात सातबारा कुठंच नाही. 'उत्पादक' असा शब्द आहे. जो पिकवतो तो. दुसऱ्याच्या वावरात पिकवणारासुद्धा सभासद होऊ शकतो. सातबारा ही कोणीतरी सोयीसाठी लावून दिलेली सवय आहे."

जमुना मागच्या बाकावर टेकली. सहा वर्षं ती ज्या दाराशी बसली होती, त्या दाराला कडीच नव्हती. तिला राग आला नाही असं नाही. पण त्याहून जास्त, ही गोष्ट इतक्या लोकांनी इतकी वर्षं कशी धरून ठेवली, याचं आश्चर्य वाटलं. वर्षालीसारखी शिकलेली बाईही ती धरून चालली होती आणि तिनं ते लपवलंही नाही, हे जमुनेला आवडलं.

"मॅडम, एक इचारू काय? मी आता अकोल्याहून बार्शीटाकळीले चालली. बयनीकडे. थे तिकीट कोनाचं?"

"कशासाठी चाललात?"

"बारसं हाय. पन तिच्या गावात निशिगंध लय लावला म्हंते लोकाईनं. त्याईच्यासंगबी बोलाचं हाय, आपल्या टेम्पोत माल टाकता काय म्हनून."

पलीकडे वर्षाली हसली. "बारसं नसतं तर गेला असतात?"

जमुनेनं खरंच विचार केला. "नसती गेली. फोनवर बोलली असती."

"मग ते तिकीट घरचं. अकोल्यापर्यंतचं कंपनीचं."

"बराबर हाय," जमुना म्हणाली आणि बसमध्ये काढलेलं तिकीट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलं.

घरी आल्यावर तिनं देवमनला सांगितलं. आपण सभासद होऊ शकतो. दोघंही पिकवणारे, तेव्हा दोघंही. आणि संचालकाचं नाव बदलायचं तर वार्षिक सभेत बदलता येईल.

"पाहू," देवमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तरी "पाहू." किसनराव तयार होते. अडकलं होतं ते देवमनपाशी. जमुनेला कळेना. ज्या माणसाला त्या पदापायी झोप लागत नव्हती, तो ते सोडायला का तयार नाही? तिनं भांडण केलं नाही. तिला उत्तर हवं होतं, आणि भांडून उत्तर मिळत नाही हे तिला ठाऊक होतं.

उत्तर मिळालं ते असंच, धामणगावला. कंपनीसाठी बारदाना, म्हणजे रिकामी पोती, घ्यायला ती तिथं गेली होती. दुपार झाली होती, तेव्हा सोबत आणलेली भाकर देवमनला द्यावी म्हणून जिनिंगवर गेली. काट्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतले पाच-सहा शेतकरी देवमनच्या खिडकीभोवती उभे होते. जमुना एका ट्रकच्या आडोशाला थांबली.

"डायरेक्टर साहेब," एक जण विचारत होता, "मंग झेंडू लावाव का नाई?"

"एकदम लावू नये," देवमन सांगत होता. "आमी गेल्या वर्षी तीन हप्त्यात लावला. अकोल्याचा बाजार मोठा, पन त्याले एका दिवशी किती पचते हे पाहा लागते. मी अडत्याले सरळ म्हनलं, काटा माया समोर लाव..."

जमुना ऐकत राहिली. रात्री जेवताना ती जे जे सांगायची ते सगळं तो सांगत होता, तिच्याच शब्दांत. इतकं की मधला श्वासही तिचा. बाजार कोणत्या बाजूला आहे ते मात्र त्यानं साफ चुकीचं सांगितलं. लोक मान डोलावत होते. घरात पडून राहणारा, 'पाहू' यापलीकडे न बोलणारा हा माणूस इथं ताठ बसला होता. कोणीतरी त्याच्यासाठी चहा आणला.

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही. आपण ताटावर सांगितलेलं हा ऐकत नाही असं तिला इतकी वर्षं वाटायचं. त्यानं एक अक्षर सांडलं नव्हतं.

ती ट्रकमागून निघाली नाही. भाकर दरवानाजवळ ठेवून परत फिरली.

संक्रांत झाल्यावर लग्नाची तिथी दाट होती. त्या हप्त्यात तिनं देवमनला विचारलं, "येता काय मायासंग अकोल्याले? एक दिवस सुट्टी टाका."

"मी येऊन काय करू?"

"काई नका करू. पाहा. तुमच्या नावानं कोन कोठी कोठी फिरलं थे तं पाहा."

देवमन आला. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी दोघं दाटीनं बसले. उजाडता उजाडता अकोल्याच्या फुलबाजारात पोचले तेव्हा गारठ्यानं त्याचे गुडघे आखडले होते. जमुना उतरून कधीच पुढे गेली होती. देवमन ओल्या पोत्यांवरून, तुडवलेल्या पाकळ्यांवरून तिच्या मागे जायला लागला. चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळे तिला ओळखत होते. कुंदन नावाचा अडत्या गादीवरून उठला.

"या जमुनाबाई. आज शेवंती आनली काय? पन आज आवक लय हाय, भाव तुटला."

"थांबा थोडं," जमुना म्हणाली. तिनं भाव बोललाच नाही. बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. टोपल्यांत हात घालून फुलं चाचपली, कोणाचा माल कालचा, कोणाचा आजचा ते पाहिलं, दोन हारवाल्यांशी बोलली. परत येऊन म्हणाली, "कुंदनभाऊ, आवक हाय, पन अर्धी शिळी. दुपारच्या लग्नाले शिळी फुलं कोन घेईन? आपली सकायची हाय."

कुंदननं मान खाजवली, थोडा वर आला. जमुना थोडी खाली आली. सौदा झाला. मग कुठं कुंदनचं लक्ष मागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं. "हे कोन?"

"आमच्या कंपनीचे संचालक," जमुना म्हणाली.

"असं काय! नमस्कार साहेब. पह्यल्यांदाच आले वाटते?"

"हो," देवमन म्हणाला. त्यानं हात जोडले. त्याचे कान लाल झाले होते, थंडीनं असतील किंवा नसतील.

दुपारी रेल्वेनं परत येताना मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "मी लोकाईले सांगतो का बाजार स्टेशनाच्या बाजूले हाय म्हनून."

"मले माईत हाय," जमुना म्हणाली.

त्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं. तिनं पिशवीतली भाकर काढून अर्धी त्याला दिली.

बडनेरा यायला आलं तेव्हा तो म्हणाला, "मले वाटे, फुलं पाठोनं म्हंजे टेम्पो भरनं. तू थे शेवंतीत हात घालून पाह्यत होती, थे काहून?"

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द नवऱ्याच्या तोंडून आला होता. जमुनेनं पाय वर घेतले आणि स्टेशन येईपर्यंत त्याला सांगत राहिली: ताजं फूल आत थंड लागतं, शिळं गरम, ढिगाच्या पोटात हात गेल्याशिवाय ते कळत नाही.

पुढची सभा किसनरावांच्या ओसरीवर भरली. जमुनेला सभासद करून घ्यायला कोणाची ना नव्हती. संचालकपदाचा विषय निघाला तेव्हा श्याम, जो नात्यानं देवमनचा चुलतभाऊ आणि स्वतः संचालक, तो म्हणाला, "नाव देवमनचंच राहू द्या. काम वयनी करतेच हाय. उद्या कोनती नोटीस आली तं बाईमानसाच्या नावानं याची, बरं दिसत नाई."

"नोटीस आताबी येऊ शकते, श्यामभाऊ," जमुना दारातून म्हणाली. "मॅडमनं सांगतलं. दारात बसल्यानं मी सुटत नाई."

श्याम देवमनकडे वळला. "तू काय म्हंतो?"

देवमन उठून उभा राहिला. सभेत तो कधी उभा राहिला नव्हता. खरं तर सभेला येणंच त्याला वर्षातून एखाद्या वेळी जमायचं.

"मी अकोल्याले जाऊन आलो," तो म्हणाला. "सहा वर्सं माया नावानं जो प्रवास झाला त्यातला हा पह्यला. मले थे काम जमत नाई. अन् मले असंबी वाटलं का ज्याईनं पाह्यलं नाई त्याईनं सही करू नये. वार्षिक सभेत माया जागी जमुनाचं नाव मी सुचोतो." तो खाली बसला आणि मग पुन्हा अर्धवट उठून म्हणाला, "सभासद मात्र मी राह्यतो. थे सोडत नाई."

सगळे हसले, श्यामसुद्धा. त्याच बैठकीत वर्षालीनं सांगितल्याप्रमाणे महिन्याचे बांधलेले पैसे बंद झाले. जो जाईल त्यानं तिकीट आणावं, जिथं तिकीट मिळत नाही तिथं चिठ्ठीवर लिहून सही करावी आणि तेवढेच पैसे घ्यावेत. श्यामनं विचारलं, चहाचं काय? त्यावर जितका वेळ वाद झाला तितका संचालक निवडण्यावर झाला नव्हता.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली आणि जमुना रीतसर निवडून आली. मंडळाची पहिली बैठक दसऱ्याच्या तोंडावर होती. ती सतरंजीवर बसली. तिथून ओसरी वेगळीच दिसत होती. किसनरावांच्या डोक्यामागचा झरोका तिला आजवर कधी दिसलाच नव्हता.

विषय मोठा होता. बडनेऱ्याचा एक माणूस आतून गार राहणारी गाडी वर्षाच्या करारानं द्यायला तयार होता. भाडं जास्त, पण फूल दोन दिवस टिकणार. किसनरावांनी कागद पुढे ठेवला आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग ते ओशाळून शेजारी वळले.

"बोला जमुनाबाई. घ्याची का?"

उत्तर तिच्या ओठावर होतं. दारात बसली असती तर तिनं केव्हाच 'घ्या' म्हटलं असतं. पण आता खाली नाव तिचं लागणार होतं आणि गावातल्या सगळ्यांचे पैसे त्या नावाखाली जाणार होते. तिला आठवलं, याआधी तिनं कितीतरी वेळा असंच 'घ्या' म्हटलं होतं आणि दहा माणसांनी अंगठ्यासारख्या सह्या केल्या होत्या. तेव्हा तिला एकदाही धडधड झाली नव्हती. आज होत होती. हे नवीनच होतं आणि तिला ते नीट पाहून घ्यावंसं वाटलं.

"मले आठ दिवस द्या," ती म्हणाली.

"तुमाले?" किसनराव चकित झाले. "तुमी तं उभ्या उभ्या सांगत होत्या!"

"तवा सांगत होती. आता सही कराची हाय."

दुसऱ्या दिवशी देवमनची साप्ताहिक सुट्टी होती. दोघं बडनेऱ्याला गेले. गाडी एका शेडमध्ये उभी होती, पांढरी, अंगावर कुठल्या तरी दूधवाल्याचं जुनं नाव अर्धवट पुसलेलं. मालक इंजिन चालू करून, मागचं दार उघडून कौतुक करू लागला. जमुनेनं आत वाकून पाहिलं, भिंतीला तळहात लावला. मग तिनं त्याला विचारलं की रस्त्यात गाडी बंद पडली तर आतला गारवा किती वेळ टिकतो.

मालकाला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "पाहा लागेल."

"मंग पाहू," जमुना म्हणाली. देवमननं दार ओढून घेतलं, इंजिन बंद केलं, आणि तिघं शेडच्या सावलीत वाट पाहत बसले.